जिमी हेंड्रिक्स

जेम्स मार्शल हेंड्रिक्स ऊर्फ जिमी हेंड्रिक्स (जन्म : २७ नोव्हेंबर १९४२, सिॲटल, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका, मृत्यू : १८ सप्टेंबर १९७०, लंडन, इंग्लंड) हे अमेरिकन गिटारवादक, गायक आणि गीतकार होते. विद्युत गिटार या वाद्याच्या इतिहासातील सर्वाधिक प्रभावी वादकांमध्ये त्यांची गणना होते. प्रसिद्धीच्या झोतात ते जेमतेम चार वर्षे होते. या काळात त्यांच्या हयातीत तीन स्टुडिओ ध्वनिमुद्रिका-संच आणि एक मैफलीचा संच प्रकाशित झाला.

हेंड्रिक्स यांनी गिटार, पायाने चालवायची ध्वनिपरिणामक उपकरणे (पेडल), ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांना सुटी यंत्रे न मानता एकच वाद्य मानले. कोणते पेडल कोणाच्या आधी आणि कोणते नंतर जोडायचे, या आजही प्रत्येक नवशिक्या गिटारवादकाला पडणाऱ्या प्रश्नाची चर्चा बहुधा त्यांच्या मांडणीपासून सुरू होते.

बालपण

हेंड्रिक्स यांचा जन्म सिॲटल शहरातील एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. जन्मसमयी त्यांची आई ल्युसिल अवघ्या सतरा वर्षांची होती आणि वडील अल हे सैन्यात होते. मुलाचे मूळ नाव जॉनी ॲलन असे ठेवण्यात आले होते. सैन्यातून परतल्यावर वडिलांनी १९४६ मध्ये ते बदलून जेम्स मार्शल असे केले. आईवडिलांचे पटत नसे. घरात दारू आणि दारिद्र्य दोन्ही होते. १९५१ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला आणि मुलाचा ताबा वडिलांकडे आला. फेब्रुवारी १९५८ मध्ये आईचे निधन झाले, तेव्हा जिमी पंधरा वर्षांचे होते.

शाळकरी वयात ते झाडू हातात धरून गिटार वाजवल्याचा आविर्भाव करीत. १९५७ मध्ये वडिलांबरोबर एका घरातील अडगळ उपसण्याच्या कामावर असताना त्यांना टाकून दिलेले एक युकुलेले सापडले. त्याला एकच तार उरली होती. त्या एका तारेवर ते ऐकलेल्या गाण्यांच्या चाली काढू लागले. पुढच्या वर्षी त्यांनी पाच डॉलरला एक जुनी साधी गिटार विकत घेतली. मंडळीत वाजवू लागल्यावर साध्या गिटारचा आवाज इतर वाद्यांपुढे ऐकू येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. १९५९ मध्ये वडिलांनी त्यांना पहिली विद्युत गिटार घेऊन दिली. ती रंगमंचामागे राहून गेली आणि चोरीला गेली.

हेंड्रिक्स डावखुरे होते. डावखुऱ्यांसाठीच्या गिटारी दुर्मीळ आणि महाग असल्यामुळे ते उजव्या हाताच्या वादकांसाठी बनवलेली गिटार उलटी धरीत आणि तारा पुन्हा आपल्या सोयीच्या क्रमाने चढवीत. त्यामुळे आवाज कमी-जास्त करण्याचे खटके आणि तारा ताणण्याचा दांडा हे भाग खालच्या ऐवजी वरच्या बाजूला येत. पुढे हेच त्यांच्या वादनाचे ओळखचिन्ह झाले.

सैन्य आणि उमेदवारीची वर्षे

शालेय शिक्षण त्यांनी पूर्ण केले नाही. चोरीच्या मोटारगाड्यांत दोनदा पकडले गेल्यावर तुरुंग किंवा सैन्य असे दोन पर्याय समोर आले. मे १९६१ मध्ये ते सैन्यात भरती झाले. केंटकी राज्यातील फोर्ट कॅम्पबेल येथे १०१ व्या हवाई छत्रीधारी तुकडीत त्यांची नेमणूक झाली. तेथे बिली कॉक्स या बेस गिटारवादक सैनिकाशी त्यांची मैत्री जुळली आणि ती अखेरपर्यंत टिकली. शिस्तीत मन न रमल्याने १९६२ मध्ये त्यांना सैन्यातून मुक्त करण्यात आले.

पुढील चार वर्षे त्यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या नाट्यगृहांत व क्लबांत साथीदार म्हणून वाजवून काढली. आयझली ब्रदर्स, लिटल रिचर्ड यांसारख्या नामवंतांच्या संचात त्यांनी काम केले. या संचांत साथीदाराने ठरलेला गणवेश घालावा, ठरलेल्या जागी उभे राहावे आणि मुख्य गायकाच्या पुढे जाऊ नये, अशी रीत होती. ती हेंड्रिक्स यांना जाचत असे. मात्र तालाला घट्ट धरून थोडक्या जागेत नेमके वाजवण्याची तालीम त्यांना येथेच मिळाली.

ऑक्टोबर १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी एका निर्मात्याशी तीन वर्षांचा करार केला. त्याचा मोबदला एक डॉलर आणि विक्रीवर एक टक्का मानधन इतकाच होता. पैशाची निकड असलेल्या, कायद्याची माहिती नसलेल्या तरुणाने केलेली ही सही पुढे त्यांना फार महागात पडली.

लंडन

१९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील कॅफे व्हा येथे ते आपला छोटा संच घेऊन वाजवू लागले. ‘द ॲनिमल्स’ या ब्रिटिश संचाचे बेस गिटारवादक चास चँडलर यांनी त्यांना तेथे ऐकले आणि इंग्लंडला येण्याचे निमंत्रण दिले. २४ सप्टेंबर १९६६ रोजी हेंड्रिक्स लंडनला पोहोचले. बेस गिटारवर नोएल रेडिंग आणि ड्रमवर मिच मिचेल यांना घेऊन ‘द जिमी हेंड्रिक्स एक्सपिरियन्स’ हे त्रिकूट उभे राहिले. डिसेंबर १९६६ मध्ये ‘हे जो’ आणि मार्च १९६७ मध्ये ‘पर्पल हेझ’ या तबकड्या निघाल्या. मे १९६७ मध्ये ‘आर यू एक्सपिरियन्स्ड’ हा पहिला संच प्रकाशित झाला.

लंडनमध्ये त्या काळी विद्युत गिटारच्या आवाजाचे नवे यंत्रशास्त्र आकाराला येत होते. हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणारे ड्रमवादक जिम मार्शल यांनी मोठ्या ताकदीचे ॲम्प्लिफायर बनवण्यास आरंभ केला होता. त्यांचे पूर्ण नाव जेम्स चार्ल्स मार्शल होते आणि हेंड्रिक्स यांच्या नावातही जेम्स व मार्शल हे दोन्ही शब्द होते. हेंड्रिक्स यांनी मार्शल यांचे १०० वॅटचे ॲम्प्लिफायर स्वीकारले. प्रत्येक पेटीत १२ इंची चार स्पीकर अशा पेट्या एकावर एक रचलेल्या असत.

फझ फेस हे वाटोळ्या धातूच्या डबीतील पेडल १९६६ मध्ये लंडनमध्ये बाजारात आले होते. पायाने दाबून आवाजाचा रोख बदलणारे वाह-वाह पेडल १९६७ मध्ये उपलब्ध झाले आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हेंड्रिक्स यांनी ते ध्वनिमुद्रणात वापरले. जानेवारी १९६७ मध्ये त्यांची रॉजर मेयर या तंत्रज्ञाशी भेट झाली. मेयर हे ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात ध्वनी व कंपनांच्या अभ्यासाचे काम करीत. त्यांनी बनवलेले ऑक्टेव्हिया हे उपकरण वाजवलेल्या स्वराला वरच्या सप्तकातील त्याच स्वराची जोड देते. ‘पर्पल हेझ’मधील एकल वादनात त्याचा उपयोग केलेला आहे.

उपकरणांची साखळी

गिटारच्या तारेचे कंपन तिच्याखालील चुंबकीय पिकअपमध्ये अतिशय क्षीण विद्युत संकेत निर्माण करते. हा संकेत तारेतून (केबलमधून) एकामागून एक पेडलांत जातो, तेथून ॲम्प्लिफायरमध्ये आणि शेवटी स्पीकरमध्ये पोहोचतो. प्रत्येक उपकरण आपल्याला मिळालेल्या संकेतावरच संस्कार करते; मूळ गिटारचा आवाज त्याला ठाऊक नसतो. म्हणून उपकरणे तीच ठेवली आणि केवळ क्रम बदलला, तरी आवाज बदलतो. फोडणीत मोहरी आधी घालणे आणि भाजी शिजल्यावर वरून घालणे यांत जसा फरक पडतो, तसाच हा प्रकार आहे.

ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉक येथील मैफलीत हेंड्रिक्स यांची जोडणी पुढील क्रमाने होती :

१. गिटार (फेंडर स्ट्रॅटोकास्टर)
२. वाह-वाह पेडल
३. फझ फेस पेडल
४. युनि-व्हाइब
५. मार्शल ॲम्प्लिफायर व स्पीकर

यांपैकी फझ हे पेडल संकेताला इतके वाढवते की त्याच्या लहरींचे माथे कापले जातात. त्यामुळे मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर निर्माण होतात आणि आवाज खरखरीत, दाट व दीर्घकाळ टिकणारा होतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावल्याने तारेचा साधा नाद जसा उपस्वरांनी भरून येतो, त्याच्याशी या परिणामाची तुलना करता येईल. मात्र जवारीत हे काम सुताचा धागा व घोडीचा उतार करतात आणि येथे ते विद्युत मंडल करते.

वाह-वाह हे पेडल नवे उपस्वर निर्माण करीत नाही. आलेल्या संकेतातील एका पट्ट्याला उठाव देऊन तो पट्टा पायाच्या हालचालीनुसार खाली-वर सरकवते. मनुष्य ‘ऊ’पासून ‘आ’पर्यंत तोंड उघडतो, तेव्हा होणाऱ्या बदलासारखा हा बदल ऐकू येतो. वाह-वाह आधी आणि फझ नंतर असेल, तर आधी निवडलेल्या पट्ट्यावर फझचा संस्कार होतो. त्यामुळे आवाज बोलक्या माणसाच्या कंठासारखा आटोपशीर राहतो. हाच क्रम उलटा केला, तर फझने निर्माण केलेला उपस्वरांचा सारा ढीग वाह-वाहच्या चाळणीतून जातो आणि परिणाम अधिक रुंद, अधिक नाट्यमय होतो. दोन्ही क्रम बरोबर आहेत. हेंड्रिक्स यांच्या मांडणीत पहिला क्रम आढळतो.

या क्रमाला एक अडचण होती. फझ फेसचे मंडल थेट गिटारच्या पिकअपशी जोडलेले असताना उत्तम चालते. गिटारवरील आवाजाचा खटका किंचित कमी केला, की फझची खरखर ओसरून स्वच्छ, काचेसारखा नाद उरतो. हेंड्रिक्स या गुणाचा सतत उपयोग करीत. फझ चालू ठेवूनच ते केवळ करंगळीने खटका फिरवून नाजूक आलापीपासून गर्जनेपर्यंत जात. मध्ये वाह-वाह आले, की गिटार आणि फझ यांच्यातील हे थेट नाते काही अंशी तुटते. त्या काळचे वाह-वाह बंद असतानाही आवाजातील थोडी धार शोषून घेई. म्हणूनच आज काही वादक फझला सर्वांत आधी स्थान देतात, तर काही जण दोहोंमध्ये संकेत सावरणारे छोटे मंडल बसवतात.

युनि-व्हाइब हे जपानमध्ये तयार झालेले उपकरण फिरत्या स्पीकरच्या आवाजासारखा घुमता, लाटांसारखा परिणाम देते. संकेताची एक प्रत किंचित मागेपुढे सरकवून ती मूळ संकेतात मिसळणे हे त्याचे तत्त्व होय. असा परिणाम उपस्वरांनी समृद्ध आवाजावर अधिक ठळक उमटतो. म्हणून ते फझच्या नंतर येते.

ॲम्प्लिफायर हाही या साखळीतील एक संस्कार करणारा दुवा होता. हेंड्रिक्स मार्शलचा आवाज जवळपास पूर्ण उघडत. अशा वेळी निर्वात नलिका आपल्या मर्यादेबाहेर जाऊन स्वतःच आवाजाला खरखर देतात. शिवाय प्रचंड आवाजाने गिटारच्या तारा पुन्हा कंपित होतात, ते कंपन पुन्हा ॲम्प्लिफायरमध्ये जाते आणि स्वर न छेडताही टिकून राहतो. सभागृहात मायक्रोफोन स्पीकरसमोर आला असता जी शीळ ऐकू येते, तिचाच हा प्रकार आहे. हेंड्रिक्स यांनी स्पीकरपासूनचे अंतर आणि अंगाचा कोन बदलून या शिळेला सुरात आणले.

रंगमंच आणि स्टुडिओ

पेडलांच्या जागेविषयी आज सांगितला जाणारा सर्वांत उपयुक्त नियम हेंड्रिक्स यांच्या मैफली आणि ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकल्यास सहज कळतो. आवाज खरखरीत करणारी उपकरणे आधी असावीत आणि प्रतिध्वनी, घुमारा यांसारखी अवकाशाचा भास देणारी उपकरणे त्यानंतर असावीत, असा हा नियम आहे.

खरखर निर्माण करणाऱ्या दुव्याच्या आधी प्रतिध्वनी जोडला, तर मूळ स्वर आणि त्याचे मागून येणारे पडसाद एकत्रच चिरडले जातात. मग शब्द न समजणाऱ्या कोलाहलासारखा आवाज होतो. खरखरीनंतर प्रतिध्वनी जोडला, तर प्रत्येक पडसाद हा तयार झालेल्या आवाजाची स्वच्छ प्रत असतो. हेंड्रिक्स यांच्या मार्शलमध्ये खरखरीचा मोठा भाग ॲम्प्लिफायरच्या अगदी शेवटच्या, शक्तिशाली टप्प्यात निर्माण होई. त्यानंतर केवळ स्पीकर उरतो. त्यामुळे रंगमंचावर सारी पेडले या टप्प्याच्या आधीच येत आणि त्यानंतर काही जोडण्यास जागाच नसे.

स्टुडिओत मात्र ही जागा मिळाली. स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवून तयार आवाज चुंबकीय फितीवर घेतला जाई आणि त्यानंतर त्यावर घुमारा, प्रतिध्वनी यांचे संस्कार होत. लंडनमधील ऑलिंपिक स्टुडिओत ध्वनिमुद्रक एडी क्रेमर यांच्यासह हेंड्रिक्स यांनी हे प्रयोग केले. डिसेंबर १९६७ मधील ‘ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह’ या संचाच्या शीर्षकगीताच्या अखेरीस फितींच्या गतीतील सूक्ष्म फरकाने साधलेला घुमता परिणाम ऐकू येतो. ऑक्टोबर १९६८ मधील ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ या दुहेरी संचात ही पद्धत परिपक्व झाली. हा संच अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

पुढील काळात ॲम्प्लिफायरचे दोन भाग करून मध्ये बाह्य उपकरण जोडण्याची सोय देण्यात आली. पहिला भाग खरखर व आवाजाचा पोत घडवतो आणि दुसरा केवळ शक्ती वाढवतो. या दोहोंमधील वाटेवर प्रतिध्वनी व घुमाऱ्याची पेडले जोडली, की स्टुडिओतील क्रम रंगमंचावर मिळतो. मात्र जुन्या पद्धतीचा, पूर्ण उघडूनच खरखर देणारा ॲम्प्लिफायर असेल, तर या सोयीचा फारसा उपयोग होत नाही. पेडल कोठे ठेवायचे याचे उत्तर म्हणूनच आणखी एका प्रश्नावर अवलंबून असते : खरखर नेमकी कोठे निर्माण होते? ती पेडलमध्ये होत असेल, तर प्रतिध्वनी त्या पेडलनंतर थेट ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी चालतो. ॲम्प्लिफायरच्या पहिल्या भागात होत असेल, तर प्रतिध्वनीची जागा मधल्या वाटेवर असते.

लांबलचक साखळीची किंमतही असते. प्रत्येक दुवा स्वराबरोबर गुणगुण आणि बाहेरचा गोंगाटही वाढवतो. ऑगस्ट १९७० मध्ये इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट येथील मैफलीत सुरक्षारक्षकांच्या बिनतारी यंत्रांवरील संभाषण वादनाच्या मध्येच स्पीकरमधून ऐकू आले होते.

माँटेरे आणि वुडस्टॉक

१८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील महोत्सवात अमेरिकेने हेंड्रिक्स यांना प्रथम मोठ्या प्रमाणावर पाहिले. वादनाच्या अखेरीस त्यांनी गिटारवर द्रव इंधन ओतून ती पेटवली. त्याच दिवशी दुपारी त्याच व्यासपीठावर पंडित रविशंकर यांचे सतारवादन झाले होते. वाद्याची अशी होळी पाहून रविशंकर व्यथित झाले. दसऱ्याला वाद्यांची पूजा करणाऱ्या परंपरेतील कलावंताला हे रुचणे शक्य नव्हते. हेंड्रिक्स यांच्या दृष्टीने ते समर्पण होते. हे कृत्य त्यांच्या प्रतिमेला कायमचे चिकटले आणि श्रोते प्रत्येक मैफलीत तशाच कसरतींची अपेक्षा करू लागले. पुढे या अपेक्षेचा त्यांना उबग आला. आपले वादन शांतपणे ऐकले जावे, असे त्यांना वाटू लागले.

१८ ऑगस्ट १९६९ रोजी सोमवारी सकाळी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक महोत्सवाचा समारोप त्यांच्या वादनाने झाला. लाखो श्रोत्यांपैकी बहुतेक जण तोवर परतले होते. या मैफलीत त्यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत एकट्या गिटारवर वाजवले. मूळ चाल स्पष्ट ठेवून तिच्या ओळींमधील जागांत त्यांनी फझ, वाह-वाह, तारा सैल करणारा दांडा आणि स्पीकरची शीळ यांच्या साहाय्याने बाँबफेक, विमाने आणि आक्रोश यांचा भास निर्माण केला. व्हिएतनाम युद्ध तेव्हा भरात होते आणि हेंड्रिक्स स्वतः माजी सैनिक होते. या वादनाला कोणी निषेध मानले, तर कोणी देशप्रेम.

जुना करार आणि नवा स्टुडिओ

१९६५ च्या कराराचा दावा हेंड्रिक्स प्रसिद्ध झाल्यावर उभा राहिला. तडजोड म्हणून एका संचाचे हक्क देणे त्यांना भाग पडले. ३१ डिसेंबर १९६९ आणि १ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट येथे बिली कॉक्स व ड्रमवादक बडी माइल्स यांच्यासह झालेल्या मैफलींतून ‘बँड ऑफ जिप्सीज’ हा संच तयार करण्यात आला आणि मार्च १९७० मध्ये प्रकाशित झाला. देणे फेडण्यासाठी निघालेल्या याच संचात ‘मशीन गन’ ही रचना आहे. वाह-वाह, फझ, ऑक्टेव्हिया आणि युनि-व्हाइब या चारही उपकरणांवरील त्यांचे प्रभुत्व तिच्यात एकत्र ऐकू येते. अनेक अभ्यासक तिला त्यांचे सर्वश्रेष्ठ वादन मानतात.

स्टुडिओचे अफाट भाडे आणि इतरांच्या वेळापत्रकाचा जाच टाळण्यासाठी हेंड्रिक्स यांनी व्यवस्थापक मायकेल जेफरी यांच्यासह ग्रीनिच व्हिलेजमध्ये स्वतःचा स्टुडिओ बांधण्यास घेतला. काम लांबले आणि खर्च वाढत गेला. त्यासाठी पुन्हा मैफलींचे दौरे करावे लागले. इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओचे उद्घाटन २६ ऑगस्ट १९७० रोजी झाले. ज्या जागेत आवाजाचा प्रत्येक दुवा स्वतःच्या इच्छेने जोडता आला असता, ती जागा त्यांना केवळ एका उन्हाळ्यापुरती लाभली. उद्घाटनानंतर ते लगेच युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि परतले नाहीत.

मृत्यू

६ सप्टेंबर १९७० रोजी जर्मनीतील फेमार्न बेटावर त्यांची अखेरची मैफल झाली. १८ सप्टेंबर रोजी लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनानंतर गुंगीत उलटी श्वासमार्गात जाऊन त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते २७ वर्षांचे होते. मृत्यूच्या परिस्थितीविषयी पुढे अनेक तर्क मांडले गेले; चौकशी अधिकाऱ्याने मात्र निश्चित निष्कर्ष नोंदवला नाही. १ ऑक्टोबर १९७० रोजी सिॲटलनजीक रेंटन येथील दफनभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. त्यांच्या संगीताच्या हक्कांचा वाद दीर्घकाळ चालला आणि १९९५ मध्ये ते हक्क वडिलांकडे आले. अपूर्ण राहिलेल्या संचातील रचना १९७१ मध्ये ‘द क्राय ऑफ लव्ह’ या नावाने प्रसिद्ध झाल्या.

प्रभाव

१९९२ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये हेंड्रिक्स व त्यांच्या साथीदारांचा समावेश करण्यात आला. त्यांचे इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ आजही कार्यरत आहे. भारतातही त्यांच्या हयातीच्या अखेरीस मुंबईसारख्या शहरांतील तरुण संच पाश्चात्त्य रॉक संगीत वाजवू लागले होते. १९७१ मधील ‘हरे रामा हरे कृष्णा’ या हिंदी चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीताच्या आरंभी भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली गिटार सामान्य भारतीय श्रोत्याच्या कानावर विद्युत गिटारचा हा नवा पोत घेऊन आली. आज महाराष्ट्रातील ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्यांमध्ये प्रतिध्वनीचे यंत्र व ॲम्प्लिफायर नेहमीचे झाले आहेत, आणि तेथेही यंत्रे कोणत्या क्रमाने जोडायची हा प्रश्न तोच आहे.

हेंड्रिक्स यांची उपकरणे आज बाजारात त्याच नावांनी मिळतात आणि त्यांचा क्रमही सर्वांना ठाऊक आहे. तरीही ती तशीच जोडल्याने त्यांचा आवाज मिळत नाही, कारण साखळीचा पहिला दुवा त्यांची बोटे होती. एकाच नमुन्याच्या दोन फझ पेडलांचा आवाजही वेगळा येतो, हे ओळखून ते अनेकांतून एक निवडून घेत. प्रत्येक दुवा आधीच्या दुव्याकडून काय घेतो आणि पुढच्याला काय देतो हे कानाने तपासणे, ही त्यांची पद्धत होती. एका तारेच्या युकुलेलेवर सुरू झालेला त्यांचा अभ्यास हाच होता आणि पुढच्या वादकांना त्यांच्याकडून मिळालेला वारसाही हाच आहे.